जोतिबाला सोडलेली गोळी

काशीला गेलेली माणसं आवडीची भाजी नाहीतर एखादं फळ सोडून येतात. आमच्या शेजारच्या धोंडूमावशी जोतिबाला जाऊन झोपेची गोळी सोडून आल्या. तीही कुणाला न विचारता. मावशींचं सगळंच असं.

नवरा गेला तेव्हा थोडे दिवस घ्यायला म्हणून दिलेली ती गोळी. मावशी ती वर्षानुवर्षं जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी नेमानं घेत राहिल्या. पुढं सून स्वप्नाली तान्ह्या राजवीरला घेऊन माहेराहून आली, आणि मावशींना एकच ध्यास लागला, नातवाला आपल्या पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. सकाळी गोळीची गुंगी नको, म्हणून रविवारी डोंगरावर जाऊन देवाला शब्द दिला.

दोन-चार दिवसांतच झोप पार उडाली. छातीत धडधड, अंगाला घाम, आणि हात असे कापायचे की चहाची बशी वाजायची. बाळाला पायांवर घेतलं तर लोटा हातातून सुटला. बाळाला लागलं नाही, पण मावशी घाबरल्या. त्या दिवसापासून न्हाऊ घालायला चिमणाबाई यायला लागली, आणि मावशी मोरीच्या दारात बसून तिला शिकवायला. अख्ख्या पेठेतली बाळं चिमणाबाईच्या हातची, तरी ती बिचारी ऐकून घ्यायची.

शेवटी स्वप्नाली आणि मी मावशींना ओढतच डॉक्टर पूर्णिमांकडे नेलं.

"एवढ्या वर्षांची गोळी एकदम तोडायची नसती मावशी," डॉक्टर म्हणाल्या. "फिटसुद्धा येती. परत चालू करायची, आन मी सांगीन तशी हळूहळू उतरवायची."

"न्हाई घेणार. देवाला शब्द दिलाय."

माझं डोकंच फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर डॉक्टरांनी मला हातानंच गप्प केलं.

"देवाला नेमकं काय म्हणालासा?"

"गोळी सोडतो म्हणालो."

"कवा सोडतो, ते सांगितलंसा?"

मावशी विचारात पडल्या. "तारीख न्हाई बोललो."

"मग शब्द मोडला कुठं? सोडायलाच लागलाय की तुम्ही. देवाला काय घाई हाय?"

त्या बाईवरून मी आजही जीव ओवाळून टाकीन. मावशींनी त्याच रात्री गोळी घेतली. सकाळची गुंगी परत आली, म्हणून बाळाचं न्हाणं चिमणाबाईकडंच राहिलं.

हात थाऱ्यावर आल्यावर डॉक्टर ती जराशी उतरवायच्या, मावशींना मानवली की मगच पुढं. मध्ये मावशींची बहीण वारली, झोप बिघडली, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, आता खाली नको, आहे तिथंच थांबा. मावशींना दम कुठला. गोळ्या स्वप्नालीनं आपल्या कपाटात ठेवल्या होत्या, तर या भिंतीवरून मला विचारणार, "आज तुकडा मोठा दिला न्हवं तिनं?" तिकडं राजवीर पालथा पडला, रांगला, भिंत धरून उभा राहिला. प्रत्येक वेळी मावशी गल्लीभर सांगत सुटायच्या आणि मग मोरीतल्या पाटाकडं बघत बसायच्या. का, ते मला ठाऊक होतं.

परवा डॉक्टरांनी तो शेवटचा कणही बंद केला. रविवारी मावशी डोंगरावर जाऊन देवाला सांगून आल्या, "सोडली बघ." दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत पाटावर पाय लांब करून बसल्या आणि पळणाऱ्या राजवीरला धरून आडवा घेतला. तो कसला मावतोय. इकडून डोकं लोंबायचं, नाहीतर तिकडून पाय. मावशींनी लोटा उचलला. हात जरासुद्धा हलला नाही. दारात उभी राहून मी मात्र रडत होते.

"थोरला झालास की रं," मावशी म्हणाल्या. "आजी येईस्तवर थांबला न्हाईस."

राजवीरनं रिकामा लोटा उचलून परत त्यांच्या हातात दिला. म्हणाला, "आनखी."