आधी ज्याला लागेल त्याला

मामांच्या तेराव्याला, ते ज्यात लिहीत त्या साप्ताहिकाच्या संपादकांनी मला गाठलं. "चार ओळी तुम्हीच लिहा, घरचे आहात," म्हणाले. चाराच्या चौदा झाल्या. दुसऱ्या दिवशी कागदाची घडी कोटाच्या खिशात घालून मी ठाण्याहून कल्याण गाठलं, मामांचा जिना चढलो, आणि दाराची कडी हातात आल्यावर मला कळलं की आपण काय करायला आलोय... मामांवरचा मजकूर मी मामांनाच वाचून दाखवायला आलो होतो. मामींनी दार उघडलं. खिशाकडे गेलेला माझा हात त्यांनी पाहिला. "वाचायला आलात ना?" म्हणाल्या. मी म्हटलं, "छे, सहज आलेलो." पन्नाशीच्या माणसाला इतकं वाईट खोटं बोलता येतं, हे मलाही नवीन होतं.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. कल्याणच्या कोर्टात वकिली केली, पण लोकांना ठाऊक होते ते साप्ताहिकातल्या त्यांच्या सदरामुळे. रेशनिंग, भाडेनियंत्रण, नवी राज्यघटना, विक्रीकर... सरकारने काही काढलं की मामा ते सोडवून सांगत. कोणाचा फायदा, कोणाचं नुकसान, हे नावगाव न घेता पण स्पष्ट लिहीत. आणि त्यांचा एक नियम होता. लेख छापायला जाण्याआधी तो ज्याला सर्वांत जास्त लागणार, त्याच्या घरी जाऊन त्याला वाचून दाखवायचा. परवानगीसाठी नव्हे. "ज्याचं जातं तो फार बारकाईने ऐकतो," मामा म्हणत. "माझी चूक असेल तर तोच पकडेल. आणि नसेल, तर निदान चारचौघांत छापलेलं वाचण्याआधी त्याला माझ्या तोंडून कळेल."

भाडेनियंत्रणाचा लेख त्यांनी स्वतःच्या घरमालकाला वाचून दाखवला. मालकाने एका कलमाचा अर्थ चुकलाय म्हणून दाखवून दिलं. मामांनी आभार मानून तिथल्या तिथे दुरुस्ती केली. नंतर मालकाने मामांचा नळ बंद केला. मामा दोन दिवस शेजाऱ्यांकडून बादल्या आणत होते आणि सांगत होते, "कलम मात्र त्यालाच बरोबर समजलेलं."

मग कुळकायद्याची दुरुस्ती आली. जो कसतो तोच मालक होणार, असं ठरत होतं. आता आमची गोष्ट सांगायला हवी. कोलशेतच्या बाजूला आमचं भाताचं एक खाचर होतं. सासऱ्यांनी लेकीच्या नावे करून दिलेलं. कसायचा जोमा, त्याच्या बापापासून. मी बांधावर वर्षातून एकदा छत्री घेऊन उभा राहायचो आणि त्याला शेती म्हणायचो.

एका संध्याकाळी ऑफिसातून घरी आलो तर मामा बसलेले. चहा पिऊन झालेला, कप रिकामा. मला पाहून त्यांनी खिशातून कागद काढला आणि चष्मा लावला. लेखात लिहिलं होतं, की पगारावर जगणारे, कधी नांगराला हात न लावलेले मालक सध्या कुळांकडून 'जमीन राजीखुशीने सोडतो' असे कागद करून घेत आहेत, तर कुळांनी असा अंगठा देऊ नये. माझ्या टेबलाच्या खणात तसला स्टँपपेपर तेव्हा तयार होता.

"मामा, आठ दिवस थांबा," मी म्हटलं.

"कशाला?"

"कायद्यात काही सवलत असेलच ना आमच्यासारख्यांना?"

"आहे. विधवेला आहे. तेवढ्यासाठी तयारी आहे का, जावईबापू?"

मी हसलो नाही. पण आठ दिवस त्यांनी दिले. दुसऱ्याच सकाळी मी कागद घेऊन जोमाकडे गेलो. त्याने घोंगडी अंथरली, पाणी दिलं, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाला, "मामा काल उनात चालत आलते. सगला कागद वाचून दाखवला. मी बोललू, मामा, जमीन त तुमचे भाचीची हाय. त बोलले, म्हनूनच आलूय." मग माझ्या खिशाकडे बघून हळूच म्हणाला, "सायेब, तुमी बोलाल त अंगठा देतू. पन मामांना मी काय सांगू?"

मी पाणी प्यालो आणि परत आलो. लेख छापून आला, पुढे जमीन जोमाची झाली. मी दीड वर्ष मामांच्या घराची पायरी चढलो नाही. ही एकटी जात राहिली. आल्यावर सांगायची, "मामांनी विचारलंय तुम्हाला." मी वर्तमानपत्रात तोंड घालायचो.

मामांचे डोळे गेले तेव्हा मी गेलो. मामींना वाचायला वेळ नसे, म्हणून मी अग्रलेख वाचून दाखवू लागलो. शेवटच्या भेटीत मध्येच थांबवून म्हणाले, "तुम्ही स्वल्पविरामावर थांबत नाही. ज्याचं नुकसान होणार असतं त्याला तेवढाच श्वास मिळतो हो..." मला त्यांची माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "जोमाचं भात कसं आहे यंदा?" मी म्हटलं, "चांगलं आहे." ते मान हलवून पडून राहिले. माफी राहिली ती राहिलीच. आठवड्याने निरोप आला.

त्या चौदा ओळी मी फाडल्या आणि हे लिहिलं. या वेळी मात्र कल्याणला गेलो नाही. ही जोमाने पाठवलेले नवे तांदूळ पाखडत होती, तिच्यासमोर बसून वाचलं, स्वल्पविरामांवर थांबत. सूप कधी थांबलं मला कळलं नाही.

"एक चूक आहे," ती म्हणाली. "त्या दिवशी मामा चार वाजताच आले होते. जमीन माझ्या नावावर होती ना? त्यांनी तुमच्याआधी मला वाचून दाखवलं. छापा, असं मीच म्हटलं."

"मग दीड वर्ष बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. मामा म्हणाले, 'राहू दे गं. माझं घर कल्याणला आहे, जावईबापूंचा राग तिथवर पोचेपर्यंत निम्मा होईल. तुला इथेच राहायचंय.'"