ओइवाचं नाक

आमच्या गावाला वास आहे. पाइनचं लाकूड शिजवून कागदासाठी लगदा करतात तिथे तो असायचाच. पाहुणे नाक दाबतात, आम्ही कॉफी पुढे करतो. त्या वासात वाढलेल्या आम्हा सगळ्यांत ओइवाचं नाक तिखट.

लाकूड शिजलं की काळ्या पाण्यावर साबणासारखा तपकिरी थर धरतो. त्यात ॲसिड घालून तेल सुटं करायचं, हे ओइवाचं काम. ते तेल टँकरने किनाऱ्यावर जातं. तिथे पवनचक्क्यांच्या विजेवर पाण्यातून हायड्रोजन काढतात, तो तेलाला देतात आणि डिझेल तयार होतं. तेल सुटलं की नाही, हे ओइवा वासावरूनच सांगे.

छातीवर लावायची, गॅस लागला की वाजणारी डबी मात्र तो हातमोज्यात कोंबून ठेवी. "ओरडते कोंबडीसारखी," म्हणे, "अंडं कधी घालत नाही."

त्या फेब्रुवारीत टाकीखालच्या खड्ड्यातला नळ गळू लागला. ओइवासोबत त्याचा मेहुणा राइमो होता, बायको ट्यूनेचा धाकटा भाऊ. सडक्या अंड्यांचा भपकारा आला. दोघे मागे सरले. थोड्या वेळात ओइवाने हवा हुंगली.

"गेला. उतर खाली."

"दाजी, माझी डबी अजून ओरडतेय."

"मग तिच्याशीच लग्न कर! वास गेला म्हणजे गॅस गेला."

राइमो हसला आणि उतरला. नळापाशी वाकला, तो तसाच राहिला.

ओइवा मागोमाग उतरला. इतरांनी दोघांनाही ओढून काढलं. श्वास एकाचाच चालू होता.

हा गॅस आधी नाक मारतो, मग माणूस. दर वर्षी आम्हाला हे सांगतात. दर वर्षी ओइवा मागच्या बाकावर बसून ऐकत असे.

ट्यूनेने त्याला घराबाहेर काढलं नाही. बोलतही नाही. तो विचारतो, "भाकरी करपतेय का गं?" ती उठून चूल बघते. नाक शाबूत आहे असं डॉक्टर म्हणाले. ओइवाचा त्यावर विश्वास नाही.

परवा पंपावर तो दिसला. ट्रॅक्टरमध्ये आमच्याच झाडांचं डिझेल भरत होता. बोटावर थेंब घेऊन त्याने हुंगला. मग बोट माझ्यापुढे धरलं.

"तू बघ."

त्या डिझेलला वास जवळजवळ नसतोच. आमच्या गावात हे सगळ्यांना माहीत आहे, ओइवाला सर्वांत जास्त.

"काही नाही येत," मी म्हणालो.

तो तसाच उभा राहिला, बोट पुढे धरून.

"नीट बघ," म्हणाला.