माशीचं वय

चहाच्या ग्लासाच्या कडेवर माशी बसली की आपण सगळे काय करतो? हात हलवतो. ते हलवत नसत. मान खाली घालून, डोळे बारीक करून ते तिच्या पंखांकडे पाहत आणि म्हणत, "म्हातारी हाये. पिऊ द्या."

त्यामुळे कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये त्यांच्या बाकावर सहसा कोणी बसत नसे. मी बसायचो, पण ग्लासावर बशी झाकून. मला माशांची किळस होती. तेव्हा मला एवढीच एक किळस माहीत होती.

तालुक्याच्या गावचं ते कॉलेज. ते तिथे प्राणिशास्त्राचे हंगामी डेमॉन्स्ट्रेटर. दर जूनमध्ये नेमायचे, दर एप्रिलमध्ये मोकळं करायचे. मी ऑफिसात टायपिस्ट. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील बाजाराच्या दिवशी ती वाटत आणि उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. पुढे मीही पत्रकं लिहू लागलो. अन्याय कुठेही होवो, मी पत्रकाची स्टेन्सिल कापायला बसलोच.

प्रयोगशाळेमागच्या अडगळीच्या खोलीत त्यांनी माशा पाळल्या होत्या. काचेच्या बरण्यांवर मलमल बांधलेली, आत साखर, दुधाची भुकटी आणि कॉलेजच्या नळाच्या पाण्यात भिजवलेला कापूस. दारातून जाणारा प्रत्येक जण एकच विनोद करी.

"काय सर, माशा मारून राह्यले काय?"

"नाई बाप्पा," ते शांतपणे म्हणत, "मरायची वाट पाहून राह्यलो. मारल्यावर तिचं वय कसं कयंन?"

त्यांना जाणून घ्यायचं होतं की जीव म्हातारा का होतो. माशीच्या पंखाच्या स्नायूत तंतुकणिका असतात. अन्न आणि प्राणवायू वापरून पेशीला शक्ती पुरवायची हे त्यांचं काम. त्या आपल्यातही असतात, पण माशीच्या इतक्या ठसठशीत की कॉलेजच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही दिसतात. एकदा त्यांनी मला मानेला धरून त्या नळीवर वाकवलं. हिरव्या रंगात बुडवलेले बारीक दाणे दिसले.

"चुली हायेत ह्या. तरन्या माशीची चूल भडकते. म्हातारीची धुपते. जाळ कमी, धूर जास्त. तुही माही बी तशीच."

"मग उपाय?"

"थांब ना गड्या. आधी पाहू तं दे."

आता बरण्यांविषयी सांगतो, कारण सगळं त्यांच्यावरच आहे. दर खेपेला माशा एकाच आईच्या अंड्यांतून काढलेल्या. पण त्यांची राहण्याची जागा तीन प्रकारची होती. पहिली अरुंद बाटली. तिच्यात माशीला फक्त चालता येई, उडता येत नसे. दुसरी मध्यम बरणी. तिसरा मच्छरदाणीच्या जाळीचा मोठा पिंजरा. अंक लिहिण्याऐवजी त्यांनी तिन्हींना गावांची नावं दिली होती. पिंजरा कामरगाव, "कारन तिथं एष्टी हाये, जीप हाये, मानूस कुठं बी उडते." बरणी इंझोरी. आणि अरुंद बाटलीला त्यांच्या स्वतःच्या गावाचं नाव. "आमच्या वस्तीत हात पसरला तं शेजाऱ्याच्या कुडाले लागते." ते गाव कोणतं हे मी लिहिणार नाही. ते एकदा चुकीचं छापून झालं आहे, तेवढं पुरे.

वही त्यांनी मराठीत ठेवली होती. तीन रकाने, वर तीन गावं, खाली रोज मेलेल्या माशा आणि त्यांच्या चुलींची अवस्था. तीन उन्हाळे, तीन हिवाळे. न उडणाऱ्या माशा जास्त दिवस जगतात आणि त्यांच्या चुली उशिरा धुपतात, असं त्यांना दिसलं. ज्या दिवशी खात्री झाली त्या दिवशी ते ऑफिसात आले आणि माझ्या टेबलावर पेढा ठेवून म्हणाले, "आता तुहं मशीन लागंन मले. माहं नाव नीट टाइप करजो."

एप्रिलमध्ये विभागप्रमुखांनी ती वही तपासायला म्हणून घेतली.

हे विभागप्रमुख त्या खोलीत कधी गेले नव्हते. दारापर्यंत यायचे, अत्तराचा रुमाल नाकाला लावायचे आणि परत फिरायचे. मे महिन्यात त्यांनी मला इंग्रजी हस्तलिखित दिलं. वर एकच नाव होतं, त्यांचं. मी वाचत वाचत टाइप करत गेलो आणि दुसऱ्या पानावर माझी बोटं थांबली. तिथे लिहिलं होतं की माशा तीन गावांतून गोळा केल्या. एका गावच्या, म्हणजे अरुंद बाटलीवरच्या गावच्या, माशा जास्त जगल्या. तिथल्या विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांमुळे तंतुकणिका सुदृढ राहत असाव्यात.

मी उठून त्यांच्या खोलीत गेलो. "सर, ही गावांची नावं बाटल्यांची आहेत."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "तू प्राणिशास्त्र शिकला आहेस का?"

"नाही सर."

"मग टाइप कर."

मी टाइप केलं. त्याच आठवड्यात मी दूरच्या एका देशातल्या युद्धावर पत्रक काढलं होतं. त्यात 'मौन हे पाप आहे' असं ठळक अक्षरांत होतं. माझी नोकरी त्या वर्षी कायम व्हायची होती. हे वाक्य लिहिताना मला स्वतःचा वास येतो.

निबंध एका इंग्रजी नियतकालिकात छापून आला. गावच्या साप्ताहिकाने मथळा दिला: 'माशी जगते, मग माणूस का नाही?' त्या विहिरीचे मालक मोठे जमीनदार. त्यांनी कॉलेजात येऊन विभागप्रमुखांना हार घातला आणि पाण्याची एक सीलबंद बाटली भेट दिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेढ्यांच्या ताटावर माशा घोंगावत होत्या आणि माशांच्या आयुष्याचे ते तज्ज्ञ रुमालाने त्यांना हाकलत होते. त्यातली तरणी कोणती, म्हातारी कोणती, हे त्या मंचावरच्या एकालाही सांगता आलं नसतं. पेढा मीही खाल्ला.

माशा पाळणारे मात्र शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांचं घर छप्पन साली बौद्ध झालेलं, वस्ती गावाच्या कडेला. कार्यक्रम संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेलो. ते हसत होते, पण ते हसू पाहवत नव्हतं.

"त्या इहिरीचं पानी मी जन्मात तोंडाले लावलं नाई. माह्या मायले वरून कोनी ओतलं तं मियायचं. अन् माह्या माशा पिऊन बी गेल्या."

मी सांगून टाकलं. "निबंध मी टाइप केला."

"तू?"

"हो."

त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग म्हणाले, "स्पेलिंगा तं बरोबर केल्या ना?"

त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"नाव नाई टाकलं, ते समजलो मी," ते पुढे म्हणाले. "ते दर एप्रिलले काढतातच. पन त्या एका मायच्या लेकी होत्या गड्या. त्याइले तीन गावांत कोनं वाटलं? आता जो वाचंन तो पान्यात शोधंन. चुलीकडे पाहीनच नाई."

दुरुस्तीचं पत्र आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. नावाबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. मी घालू म्हटलं तर त्यांनी ते खोडलं. फक्त बाटल्यांची मापं, अंडी कुठली, पाणी कुठलं. या वेळी मी प्रत्येक शब्द दोनदा तपासला आणि पत्र नियतकालिकाला रजिस्टरने पाठवलं. उत्तर यायला काही महिने गेले. दोनच ओळी होत्या: दुरुस्ती केवळ लेखकाकडूनच स्वीकारली जाते. आपण या निबंधाचे लेखक नाही.

ते वाचून त्यांनी कागदाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "बरोबर हाये त्याइचं. पहिल्या पानावर तूच तं टाइप केलं."

पुढच्या जूनमध्ये त्यांना नेमलं नाही. शिपायाने बरण्या धुऊन कॅन्टीनला दिल्या. आता तिथे त्यांत बिस्किटं असतात, आणि एका बरणीवर त्यांच्या अक्षरातली 'इंझोरी' अजून निघालेली नाही. विभागप्रमुख बढतीवर मोठ्या शहरात गेले. यावर मी एकही पत्रक काढलं नाही. माझी नोकरी कायम झाली.

परवा, म्हणजे एवढ्या वर्षांनी, मी त्यांच्या गावी गेलो. विहिरीवर पाटी लागली आहे, दीर्घायुष्याची. बाहेरगावचे लोक कॅन घेऊन येतात. वस्ती अजून कडेलाच आहे. दुष्काळानंतर तिथे हातपंप बसला, तेवढाच बदल. ते घरी नव्हते. कुठल्याशा गिरणीत कामाला लागलेत, दिवाळीला येतात, कधी येतही नाहीत. त्यांची आई एकटी होती. पार वाकलेली. मी कॉलेजातला म्हटल्यावर तिने ओसरीवर पोतं टाकलं आणि चहा ठेवला.

"कॉलेजात तं माशावालाच मनत असतीन त्याले," ती म्हणाली.

"हो."

"लहानपनापासून तसाच. मी दारात बसून गहू निवडो अन् त्याले माशा दाखवो. काय करीन, खेयना कुठून आनू?"

तिने चहा पुढे केला. ग्लासाच्या कडेवर माशी येऊन बसली. मी हात उचलला, आणि तसाच धरून ठेवला. वाकून पंख पाहिले. मला काहीच कळलं नाही, पंखासारखे पंख.

म्हातारीने चुलीजवळूनच डोळे बारीक केले.

"किनार पाहा ना भाऊ, झिजली पुरी," ती म्हणाली. "पिऊ द्या तिले."