सोफीचा रिटर्न कुठवर पोचतो

सोफी झिराडकरचा आवाज इस्रायलमधल्या लोद गावात तिच्याआधी पोचायचा. बिल्डिंगचं पाणी गेलं की म्युनिसिपालिटीच्या खिडकीशी पहिली तीच. आतला माणूस हिब्रूत बोलत असला तरी ही निम्मं मराठीत भांडणार, आणि पाणी आलं की त्याच माणसाला डब्यात करंज्या नेऊन देणार. मूळची ठाण्याची. मुंबईत एका कॉलेजच्या कॉम्प्युटरवर फोर्ट्रान ही प्रोग्राम लिहायची भाषा शिकली ती चिकटून राहून, कारण तिथे बायकांना कार्डं पंच करण्यापलीकडे मशीनला हात लावू देत नसत. इथे आली तर इथेही पुन्हा कार्डंच. ती वर्षानुवर्षं प्रत्येक साहेबाचं डोकं खात राहिली, तेव्हा कुठे पंचिंगच्या हॉलमधून सुटली. कुणी मेहेरबानी केलेली नाही.

१९८१ साली, विमानतळाच्या कुंपणापलीकडे विमानांचे रेडिओ दुरुस्त करणारा एक कारखाना होता, तिथे तिला मनासारखं काम मिळालं. अमेरिकेहून टेपवर लिस्प नावाची भाषा आली होती. त्या भाषेत एक प्रोग्राम लिहायचा. रेडिओची मोजमापं टाइप केली की कुठला भाग गेलाय ते मशीनने सांगायचं. विभागात माणसं दोनच, सोफी आणि हैफाचा आमोस, तिच्याच वयाचा, टकलू, सावकाश बोलणारा. रविवारी, म्हणजे तिथल्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, वरचे लोक बघायला येणार होते. प्रोग्राम चालला तर विभाग राहणार, नाहीतर बंद, आणि सोफी परत कार्डं पंच करायला. हे मनाशेने सांगितलं होतं. मनाशे त्यांचा साहेब. सांगताना त्याचंच तोंड उतरलं होतं.

आणि प्रोग्राम काही धड चालेना. मुद्दाम बिघडवलेला रेडिओ समोर ठेवला तरी शेवटी एकच उत्तर: बिघाड नाही. गंमत अशी, की मधे कुठेतरी मशीनला तो बिघाड सापडायचा. सोफीने तिथे छापायला सांगितलं होतं, आणि कागदावर भागाचं नाव छापूनही यायचं. मग पुढे मशीन ते जणू विसरून जायचं.

रेडिओच्या पेटीत सर्किटची कार्डं असतात, पंचिंगची नव्हेत, आणि कार्डावर भाग. सोफीने प्रोग्राममध्ये एकात एक अशा दोन फेऱ्या लिहिल्या होत्या. बाहेरची फेरी एकेक कार्ड उचलायची, आतली त्या कार्डावरचा एकेक भाग तपासायची. भाग खराब निघाला की तिथेच हुकूम: रिटर्न, नाव घेऊन परत ये. फोर्ट्रानमध्ये रिटर्न म्हटलं की माणूस अख्ख्या कामातून थेट बाहेर. सोफीच्या हाताला तीच सवय होती.

आमोस म्हणाला, की तुझा रिटर्न एकदा बघ. झालं. सोफीने त्याला उभ्या उभ्या सुनावलं, की तू शाळेत होतास तेव्हापासून मी रिटर्न लिहितेय. तो म्हणाला, की आपण एकाच वयाचे आहोत. त्याने ती आणखी भडकली. टेपच सदोष आहे, अमेरिकेने आपल्याला टाकाऊ माल पाठवलाय, असं तिने कँटीनमध्ये सूप वाढणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना सांगून टाकलं. एकदा असं बोलल्यावर मागे कसं फिरायचं?

त्या शनिवारी शब्बात, म्हणजे विसाव्याचा दिवस, संध्याकाळी सुटल्यावर तिच्या घरी मलिदा होता. तिच्या मुलीचं, रोनितचं, लग्न ठरलं होतं, म्हणून प्रेषित इलियाहू हन्नाबीला केलेला नवस या विधीने फेडायचा होता. गोड पोह्यांचा ढीग, खोबरं, वेलची, भोवती खजूर, केळी, सफरचंदं. सॉलोमनमामा मंत्र म्हणायला बसले. होणारा जावई योएल मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घरचा, मलिदा पहिल्यांदाच बघत होता. खजुरावरची बराखा, म्हणजे आशीर्वादाचा मंत्र, म्हणून झाली, सगळ्यांनी आमेन म्हटलं, प्रत्येकाच्या हातात खजूर आला. योएलने तो तोंडात टाकला, सासूला माझाल तोव म्हणून अभिनंदन केलं, आणि सगळं संपल्यासारखा उठून टेबल सरकवायला लागला.

बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मामा हसले नाहीत.

"बस, बाळा," ते म्हणाले. "हे आमेन खजुरापुरतं. मलिदा अजून माझ्याकडे आहे. मी संपला म्हणेन तेव्हा संपेल."

रोनितने ते हिब्रूत समजावलं. योएल लाजून बसला. मामांनी केळं उचललं. पण त्यांच्या समोर बसलेली सोफी आमेन म्हणायची विसरली. नणंदेने कोपराने ढोसलं तेव्हा भानावर आली.

तिचा रिटर्न खजुरापुरताच होता. लिस्पमध्ये तो सगळ्यांत जवळच्या फेरीतून बाहेर पडतो, बस्स. आतली फेरी संपली, भागाचं नाव बाहेरच्या फेरीच्या हातात आलं, आणि बाहेरचीला कुणी सांगितलंच नव्हतं की ते धर. तिने ते टाकलं आणि पुढचं कार्ड उचललं. शेवटचं कार्ड संपलं की उत्तर: बिघाड नाही. टेप बिचारी सांगितलं तेच करत होती.

मामांच्या शेवटच्या आमेनपर्यंत सोफी जागची हलली नाही. पोहे वाटले, योएलला दोनदा वाढलं.

रविवारी ती पहिल्या बसने गेली. आमोस आधीच येऊन बसला होता. तिने कोटसुद्धा काढला नाही.

"टेप ठीक आहे," ती म्हणाली. "तू म्हणत होतास तेच. रिटर्न."

"कँटीनमध्ये पण सांगणार?"

"तोंड बंद ठेव आणि कीबोर्ड इकडे दे."

आतल्या फेरीने जे आणलं ते बाहेरचीने बघायचं, हातात नाव असेल तर तिने स्वतःचा रिटर्न करायचा. एवढंच. दोघांनी मिळून ते लिहिलं, आणि वरचे लोक यायच्या आत जमतील तेवढे रेडिओ तपासून घेतले.

पाहुण्यांनी स्वतः एक पेटी निवडली. मशीनने भागाचं नाव सांगितलं आणि थांबलं. पेटी उघडली तर तोच भाग गेलेला. मनाशे खुर्ची ओढून बसला. मग पाहुण्यांतला एक जण सहज म्हणाला, की टेप खराब असल्याचं कानावर आलंय, अमेरिकेला कळवायचं का?

आमोस खिडकीबाहेर बघायला लागला. सोफी गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं.

"नाही," ती म्हणाली. "टेप चांगली आहे. चूक माझी होती. मी लिस्पला फोर्ट्रान समजून वागवत होते."

पाहुणा मान डोलावून पुढच्या पेटीकडे वळला. त्याच्या लेखी ती गोष्ट एवढीच होती. विभाग राहिला.

दुपारी ती कँटीनमध्ये गेली. कुणी विचारलं नव्हतं. एका मोठ्या थाळीत दोन वाट्या, वाटीत ऑलिव्ह, असं मांडून तिने सूपवाल्या बाईला सगळं पहिल्यापासून समजावलं: वाटीतून बाहेर पडलं की तू अजून थाळीतच असतेस, कळलं? मागची रांग वाढत गेली. बाई पळी हातात धरून ऐकत राहिली, आणि शेवटी म्हणाली, की ऑलिव्ह संपलेत, आता तरी पुढे सरक.