नरनाळ्याच्या पायथ्याशी फुकटचा तंबू

तंबू आम्हाला फुकटात पडला, असं मी अकोल्यात सगळ्यांना सांगत सुटलो होतो. ताडपत्री आमच्याच जिनातली, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यातली, जुनी. ओळखीच्या शिंप्याने चहावर शिवून दिली. पण खरी गोष्ट अशी, की त्या ताडपत्रीखाली सरकीचा ढीग झाकलेला होता. सरकी काही उघड्यावर राहणार नव्हती. पोराने गुपचूप नवी ताडपत्री आणली. म्हणजे फुकटचा तंबू पडला नव्या ताडपत्रीच्या भावात.

सरकी उचलणारा हमाल म्हणून मी जिनात शिरलो आणि पुढे जिनाचा मालक झालो. आता कारभार मधुकरकडे, म्हणजे पोराकडे दिला होता. आम्ही दोघं नरनाळा गड बघायला निघालो तेव्हा त्याने एकच विचारलं होतं, "बाबा, भातकुलीच्या वावरात दोन खोल्या बांधाच्या, का तुमी इथंच राहता? परत आले की सांगा. गवंड्याले सांगा लागते." माझं मन जिनाच्या आवारातल्या घरातच होतं. आणि बायकोचं, सुभद्रेचं? तिने आजवर कशालाच नाही म्हटलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात आमच्या घरात एकही भांडण झालं नाही, हे मी चारचौघांत मिशीला पीळ देऊन सांगत असे.

अकोल्याहून मोटारीने अकोट. तिथून गणीभाईची बंडी ठरवली. भाडं ठरवताना बैलांचा कडबा कोणाचा हे आधी बोलून घ्यावं, नाहीतर मुक्कामाला पोचल्यावर बोलावं लागतं. पोपटखेडपर्यंत दोन्ही बाजूंना कापसाने पांढरी झालेली पऱ्हाटी, मग एकदम सातपुडा समोर उभा. शहानूर गावात गोवऱ्या आणि वांगी मिळाली. वनखात्याच्या चौकीवर विचारून नाल्याकाठी तंबू ठोकला.

ठोकून झाल्यावर मी नेहमीसारखा ओरडलो, "पानी आन वो!"

झाडावरची वानरं खाली न बघता पळाली. गणीभाईच्या बैलांनी कान टवकारले. सुभद्रा चार हातांवर बसली होती.

"काहून वरडून राहिले तुमी? मी इथंच तं हाये."

जिनाशेजारच्या घरात राहिलेल्याला याचं नवल वाटणार नाही. यंत्रांच्या धडधडीत काही ऐकू येत नसे, म्हणून हंगामभर आमचा संसार खुणांवर चाले. तिने ताट डोक्यावर धरलं की जेवण तयार. मी दोन बोटं दाखवली की चहा दोन कप. त्या संध्याकाळीही मी दोन बोटं दाखवली. ती पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "तोंडानं सांगा ना."

दुसऱ्या दिवशी गड चढलो. वयस्कर मंडळींनी सकाळीच निघावं, बसत बसत चढावं. महाकाली दरवाज्याच्या दगडातलं कोरीवकाम बघताना मान दुखते, पण बघावं. शक्कर तलावाकाठी गणीभाईने गोवऱ्या पेटवल्या, सुभद्रेने कणकेचे रोडगे भाजले. राख झटकून, फोडून, वर तूप. घरचे रोडगे असे लागत नाहीत.

ती तलावावर हात धुवायला गेली, तसा मी गणीभाईला भातकुलीचं सांगितलं.

"भाभीसे पूछा क्या, सेठ?"

"तिले काय विचाराचं? थे कधी काही म्हनत नाई."

तलावावरून आवाज आला, न ओरडता, स्वच्छ.

"काही म्हनत नाई? मी तं दर हंगामाले म्हनत आली."

मी उठून उभा राहिलो. "काय म्हनत आली?"

"का मले त्या घरात नाई राहाचं. डाळीत रुई, पान्यात रुई. तुमी पाठ फिरवली का रोज भांडो मी तुमच्याशी, मोठ्यानं. तुमाले आयकूच नाई ये."

"मंग समोर येऊन काहून नाई सांगतलं?"

"त्याची खून बोटानं कोन्ती दाखवू?"

गणीभाई उठला. "सेठ, मैं बैलों को देख के आता." बैल गडाखाली होते.

भांडण बरंच चाललं. मी जिनासाठी काय काय सोसलं ते ऐकवलं. तिने ऐकून घेतलं आणि मग एकच सांगितलं. मधू तान्हा असताना ती पाळणा चुलीसमोर बांधायची. तो रडला तर आवाज यायचा नाही, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत स्वैपाक करायची. "तोंड वाकडं झालं का समजो, का पोरगं रडून राहिलं." एवढं बोलून तिने माझ्या ताटात आणखी एक रोडगा फोडला.

मी तो रोडगा खाल्ला.

उतरताना तिचा हात धरला होता. ती हळू आवाजात बोलत राहिली, पाखरांचं, गुडघ्याचं, माहेरच्या विहिरीचं. इतक्या वर्षांत बायकोचा हळू आवाज कसा आहे हे मला माहीत नव्हतं. थोडा घोगरा आहे.

अकोल्यात परतलो तर जिन धडधडत होतं. फाटकातच मधुकरच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "गवंडी बोलाव!"

तंबू आता भातकुलीच्या वावरात कडब्यावर घातला आहे. नरनाळ्याला जाणाऱ्यांनी मागितला तर देऊ. इथे इतकं शांत असतं, की चुलीवरचं वरण उकळलेलं ओट्यावर बसून ऐकू येतं. आणि आमचं दिवसाआड भांडण होतं.