चौदाची गाडी, सतराचं चाक

गाडी माझी. हे आधीच सांगते, कारण आमच्या घरात हा मुद्दा अधूनमधून विसरला जातो. बोरी बुद्रुकहून आणे गावच्या शाळेत शिकवायला जाताना एसटीची वाट बघून बघून कंटाळले आणि त्रेचाळिसाव्या वर्षी ड्रायव्हिंग शिकले. मग एक छोटी पांढरी सेकंडहँड गाडी घेतली. आरसीवर नाव माझं, विम्यावर नाव माझं. आमच्या यांच्याकडे मोटारसायकल आहे, काळी, मोठ्या आवाजाची. तिला मी हात लावायचा नाही, हे लग्नापासून ठरलेलं. माझ्या गाडीला यांनी हात लावायचा की नाही, हे ठरवायचं मात्र राहून गेलं.

पुण्याला माझं दहा दिवसांचं प्रशिक्षण होतं. परत आले तेव्हा हे मला घ्यायला आळेफाट्यावर आले होते. एसटीतून उतरले, पिशव्या सावरल्या, इकडंतिकडं बघितलं, तर गाडी कुठं दिसेना. हे समोर उभे राहून हात करतायत आणि मी यांच्या मागं गाडी शोधतेय. खरं तर ती तिथंच होती, मीच ओळखली नाही. अंग तेच, पण खाली चार मोठाली काळी कुळकुळीत चाकं. चौथीतल्या पोरीनं आईच्या उंच टाचांच्या चपला घालाव्यात, तशी उभी होती बिचारी.

"कशी वाटती?" यांनी विचारलं.

"कुणाची आहे?"

"अगं, तुझीच! सतरा इंची घातलीत. लई शोभतीय ना?"

नारायणगावच्या यांच्या एका दोस्तानं जुनी मोठी गाडी विकण्याआधी तिची हौसेची चाकं काढून ठेवली होती. ती यांच्या नजरेत भरली. माझी मूळची चौदा इंची चाकं निघाली आणि कांद्याच्या चाळीत जाऊन पडली. मी पुण्यात शिक्षणाची नवीन तंत्रं शिकत होते, तेव्हा इकडं हा कार्यक्रम उरकला होता.

घरी आलो. सासूबाई ओट्यावर बसल्या होत्या. गाडीभोवती एक चक्कर मारून त्या म्हणाल्या, "हिला बूट कुणी घातलं?" मग बसून बघायचं म्हणून पाय उचलला, तर तो पोचेना. दाराला धरून, माझ्या खांद्याला धरून एकदाच्या आत गेल्या आणि म्हणाल्या, "फुडच्या येळी एक शिडी पण आण रं."

मी चिडले होते. पण खोटं कशाला बोलू, शाळेत गाडी लावली तेव्हा सगळे मान वळवून बघत होते आणि मला बरं वाटलं. माझ्याकडं कुणी मान वळवून बघितल्याला बरीच वर्षं झाली होती. म्हणून मी आठवडाभर गप्प बसले. यात थोडी चूक माझीही आहे.

पुढच्या सोमवारी आम्ही भीमाशंकरला निघालो. हे, मी, सासूबाई आणि सासूबाईंच्या दोन बहिणी. तिघी बहिणी मागं बसल्या आणि गाडी मागून दबली. घोडेगाव सोडून चढाची वळणं सुरू झाली, तशी खालून खर्र, खर्र असा आवाज यायला लागला. वळण आलं की खर्र, खड्डा आला की खर्र. थोड्या वेळानं वास आला.

"कुणी तरी टायर जाळतंय," सासूबाई म्हणाल्या.

त्यांचं बरोबर होतं. ते आम्हीच होतो. टायर आतल्या बाजूनं गाडीच्या अंगाला घासत होतं. हे खाली उतरून वाकले, बघितलं आणि म्हणाले, "वजन जास्त झालंय." मागच्या तिघींनी यांच्याकडं अशी नजर टाकली की गाडीत बसल्यावर यांनी आधी आतला आरसा वर वळवला.

येताना मी चालवायला बसले. मंचरच्या पुढं हायवेला रस्ता मोकळा होता. माझं चालवणं सगळ्या तालुक्याला माहीत आहे. माझ्यामागं ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवतात. काटा ठरलेल्या मर्यादेच्या आत ठेवून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून मी सरळ घरी आले.

आठ दिवसांनी मोबाइलवर चलान आलं. वेगमर्यादा ओलांडल्याचं, माझ्या नावानं, गाडीच्या फोटोसकट. फोटोत चाकं मात्र छान आली होती.

यांना एवढा आनंद झाला की विचारू नका. "नाव काढलंस राव! आमी पंचवीस वर्सं गाडी हाणतोय, आमाला कधी कॅमेऱ्यानं इचारलं न्हाई." संध्याकाळपर्यंत ही बातमी वेशीपर्यंत पोचली होती. दूध घालायला निघालेल्या माणसानं मला बघून सायकल बाजूला घेतली.

मी काट्याकडं बघूनच चालवत होते, याची मला खात्री होती. दुसऱ्या दिवशी शाळेत विज्ञानाच्या गुरुजींना सगळं सांगितलं. ते मिशीतल्या मिशीत हसले आणि खडू घेऊन मैदानात आले. त्यांनी टायरवर एक रेघ मारली आणि तिच्या खाली जमिनीवर दुसरी. मग गाडी ढकलून चाकाचा बरोबर एक फेरा करवला आणि टेपनं अंतर मोजलं. डिकीत स्टेपनी होती, ती जुन्याच मापाची. तिचाही एक फेरा केला. सातवीचा परिघाचा धडा त्या दिवशी मैदानातच झाला. दोन खुणांत जवळजवळ वीतभर फरक पडला.

"बाई, काटा चाकाचे फेरे मोजतो," गुरुजी म्हणाले. "तुम्ही चाकच बदललंय, हे त्याला कोण सांगणार? एका फेऱ्याला गाडी वीतभर जास्त जाते आणि काटा जुनंच गणित धरून बसलाय. तो दाखवतो त्याच्यापेक्षा तुमची गाडी जोरात पळते."

"म्हणजे चलान चुकीचं आहे?"

"चलान बरोबर आहे. काटा चुकीचा आहे. पण दंड काट्याला होत नाही, तुम्हाला होतो."

दंड भरून टाकला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला. काट्याला माहीत नाही, तसं आणखी कुणाकुणाला माहीत नाही? कपाटातून विम्याची पॉलिसी काढली. ती मी घेतल्यापासून कधी वाचली नव्हती. बारीक अक्षरांतून बोट फिरवत गेले, निम्मं कळलं, निम्मं नाही. म्हणून आमच्या विम्याचं बघणाऱ्या मंचरच्या एजंटला घरी बोलावलं. माणूस शांत, चहा फुंकून फुंकून पिणारा. गाडीभोवती फिरला, टायरवरचे आकडे चष्मा लावून वाचले आणि ओट्यावर येऊन बसला.

"वैनी, एक सांगू का? विमा एका गाडीचा हाय अन् तुमी चालवताय दुसरीच."

हे म्हणाले, "चाकं बदलली म्हंजे गाडी बदलती व्हय?"

"भाऊ, तुमच्या मनात न्हाई, कागदात बदलती. गाडीच्या कंपनीनं ह्या मॉडेलला जी मापं ठरवून दिलीत, त्यातलं माप असंल तर ठीक. वरच्या मॉडेलला पंधरा इंची येतं, तेबी चालतं. सतरा तिच्या पुस्तकात कुठंच न्हाई. कायद्यानं गाडीत असा बदल करता येत न्हाई."

"अन् विमा?" मी विचारलं.

"बदल कळवायला लागतो. न कळवता अपघात झाला, तर नुकसान बघायला येणारा सर्व्हेअर पयलं चाक बघंल. ह्या चाकामुळं झालं म्हणला, तर तुमच्या गाडीचा क्लेम अडकला. समोरच्या माणसाला लागलं तर त्याला भरपाई मिळंल, ती चुकत न्हाई. पण ते पैसे विमा कंपनी मागनं तुमच्याकडनं वसूल करायला बघू शकती. अन् ही चाकं रातीत कुणी काढून नेली, तर त्यांचं कायबी मिळणार न्हाई. कागदावर ती चाकं हायतच कुठं?"

मी यांच्याकडं बघितलं. यांनी हवेत हात उडवला. "कोण बघतंय राव! सगळ्या तालुक्यात पोरं असली चाकं घालून हिंडत्यात."

एजंट चहा संपवून गेला. मी दोन दिवस समजावून सांगितलं, एक दिवस अबोला धरला. एक अर्जही लिहून दिला, विषय: मालकाच्या परवानगीविना वाहनात केलेल्या बदलाबाबत. त्याची यांनी पुडी केली आणि त्यात शेंगदाणे ठेवले. प्रत्येक वेळी उत्तर एकच, कोण बघतंय.

मग मी आणि सासूबाईंनी मिळून एक ठरवलं. खरं तर कल्पना माझी, पण मला शंका येत होती आणि त्यांना अजिबात येत नव्हती. त्यांनी ट्रंकेतून गुलाबी लोकर काढली आणि आठवडाभर विणत बसल्या. हे कौतुकानं विचारायचे, "आये, काय इणतीस?" त्या म्हणायच्या, "हाय एका बाळाचं."

टोमॅटोच्या पिकअपबरोबर हे वाशी मार्केटला गेले, तो दिवस आम्ही साधला. मोटारसायकल मेकॅनिककडं नेली. मागच्या चाकाला चांगली रुंद साडी गार्ड बसवली. बायकांना दोन्ही पाय ठेवायला लांब फूटरेस्ट. पुढं तारेची टोपली. टोपलीला सासूबाईंनी प्लास्टिकच्या फुलांची माळ गुंडाळली, हे आधी ठरलं नव्हतं. आणि सीटवर झालरीचं गुलाबी कव्हर.

हे रात्री उशिरा परतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून बाहेर आले. नारायणगावला मार्केटात जायचं होतं, गडबड होती. मोटारसायकलजवळ गेले आणि उभेच राहिले.

"हे काय केलंय?"

"शोभतीय ना?" मी म्हणाले.

"मला इचारलं व्हतं का?"

"तू इचारलं व्हतंस का?" सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या.

"मी बसवलेलं सगळं कायद्यात बसतं," मी सांगितलं. "साडी गार्ड तर लावायचीच असते, नियमच आहे. तुमची कुठं गेली होती कोण जाणे. आणि एवढं काय, कोण बघतंय?"

काढत बसायला वेळ नव्हता. कव्हर खालून गाठी मारून शिवलेलं होतं, सासूबाईंचं काम कच्चं नसतं. हे तसेच निघाले. गुलाबी झालर वाऱ्यावर उडत वळणापलीकडं गेली आणि आम्ही दोघी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो.

परत आले ते दुपार टळल्यावर. टोपलीत कोथिंबिरीची जुडी होती. हात धुतले, ताटावर बसले, दोन भाकरी खाल्ल्या. मला जरा भीतीच वाटायला लागली होती. मग पाणी प्यायले आणि स्वतःच बोलले.

"मार्केटात सगळ्यांनी फोटो काढलं. कोथिंबीर कुणी टाकली, पत्ता न्हाई. अन् येताना एका म्हातारीनं हात केला. म्हणली, बायामाणसांची सोय केल्याली दिसली म्हणून थांबवलं, भाऊ. तिला घरापोतर सोडून आलो." एवढं सांगून यांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला आणि सासूबाईंनी पाठीवर थापटलं, गरजेपेक्षा जरा जोरात.

त्याच आठवड्यात सतरा इंची चाकं दोस्ताकडं परत गेली. मला वाटलं, आता चाळीतली जुनी चढतील. पण यांचं तोंड एवढंसं झालं होतं. कुणाची हौस अशी मुळापासून उपटू नये. आम्ही मधला मार्ग काढला. माझ्या गाडीच्या वरच्या मॉडेलला कंपनीकडूनच येतात त्या मापाची, पंधरा इंची, चंदेरी चाकं घेतली. भार पेलणारी टायरं कुठली, ते गाडीच्या पुस्तिकेत बघून आणली. गुरुजींनी पुन्हा खडू घेतला. या वेळी फरक दोन बोटांपेक्षा कमी आला. एजंटानं चारी बाजूंनी फोटो काढून विमा कंपनीला कळवलं, थोडा जादा हप्ता भरला आणि नव्या चाकांची नोंद झालेला कागद मला मिळाला. तो मी डॅशबोर्डच्या खणात ठेवला.

पावसाळ्यात आणे घाटात वाहतूक खोळंबली होती. माझ्यापुढं कांद्यानं भरलेली पिकअप उभी होती. चढावर तिचा ब्रेक सुटला आणि ती हळूहळू, अगदी निवांतपणे मागं येऊन माझ्या गाडीवर टेकली. मी हॉर्न वाजवत राहिले, दुसरं काय करणार? बंपर गेला, दिवा फुटला, पुढचं एक चाक वाकलं. मला काही झालं नाही. ड्रायव्हर उतरून हात जोडत आला. आधी त्यालाच पाणी दिलं.

सर्व्हेअर आला तो खरोखर आधी चाकाशीच बसला. टायरवरचं माप वाचून वहीत लिहिलं, मग माझा कागद मागितला. कागद आणि चाक जुळलं, तसा त्याचा चेहरा सैल पडला. पुढचं सगळं सरळ झालं, वाकलेल्या चाकासकट. तो माप घेत होता तेव्हा मात्र मी त्याच्या मागं वाकून टायरवरचा आकडा पुन्हा पुन्हा वाचत होते. सतराचं चाक असतं तर मी तिथं काय सांगत बसले असते, हा विचार अजून कधी तरी येतो.

आणि हे? हे आता या विषयातले जाणकार झालेत. मागच्या महिन्यात घोडेगावला भाचीच्या लग्नाला गेलो होतो. मांडवाबाहेर नवरदेवाच्या मित्रांची एक गाडी उभी होती, चाकं बाहेर आलेली, जमिनीपासून हातभर उंच. यांनी पोरांना जवळ बोलावलं. "बाळांनो, विम्याला कळवलंय का? न्हाई? मग बसा हितं." कंपनीचं माप, आरसी, काटा, क्लेम, सगळं सांगितलं. हे जणू यांनीच शोधून काढलं होतं. माझं नाव एकदाही आलं नाही. चलानाचं तेवढं आलं. पोरं आधी हसत होती, मग एकानं मोबाइलवर आपली पॉलिसी उघडली आणि बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकून बघायला लागले. मी दोनदा जेवायला हाक मारली. शेवटची पंगत उठली तरी यांचं चालूच होतं, म्हणून सासूबाईंनी यांच्या वाटणीची जिलेबी पदराखाली झाकून आणली आणि निम्मी वाटेत आम्ही दोघींनी खाल्ली.