गोलकीपरच्या वडिलांचं नाव पुकारू नका

मॅचचं तेविसावं मिनिट चालू होतं आणि आमची गोलकीपर साक्षी गोलच्या खांबामागे उकिडवी बसली होती. लपून! खांबाची जाडी माझ्या मनगटाएवढी आणि साक्षीची उंची पाच फूट सात इंच. लपणार काय कपाळ? नशीब, बॉल तेव्हा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होता.

वर लाउडस्पीकर गर्जत होता, "पारगावचे नामांकित गाडामालक बबनशेठ यांची कन्या गोलमधी उभी हाय! बबनशेठ, असाल तिथून या!"

बबनशेठ म्हणजे साक्षीचे वडील. आपली मुलगी फुटबॉल खेळते हे त्यांना माहीत नव्हतं. ते कळू नये म्हणून मी दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं. आणि आमच्या निवेदकाने, सुदामनानाने, एका दमात चार कर्ण्यांवरून ते सगळ्या पंचक्रोशीला सांगून टाकलं.

मी तांबोळी. मूळची जुन्नरची. गेली एकवीस वर्षं एका ग्रामीण कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. पद वाचायला भारी आहे, लोक मात्र 'पीटीच्या मॅडम' म्हणतात. सहा वर्षांपूर्वी मुलींची फुटबॉल टीम काढायचं डोक्यात घेतलं. पहिल्या दिवशी चार मुली आल्या. त्यातल्या दोघींना वाटलं होतं की इथे आलं की इकॉनॉमिक्सची हजेरी लागते.

फुटबॉलला अकरा जणी लागतात. सात जणीही जमल्या नाहीत तर वॉकओव्हर, म्हणजे समोरची टीम न खेळताच जिंकते आणि आपण डबे खाऊन घरी. पहिली दोन वर्षं आम्ही डबेच खाल्ले. मी घरोघरी फिरले. राजुरीपासून पारगावपर्यंत एकही वस्ती सोडली नाही. पालकांना आरोग्य समजावलं, शिस्त समजावली, नोकरीतला स्पोर्ट्स कोटा समजावला. चहा सगळीकडे मिळाला, मुली मिळाल्या नाहीत.

साक्षी मला रस्त्यावर सापडली. मी ॲक्टिव्हावरून येत होते. बांधाला पिकअप उभी होती. खालून एक माणूस कोबीचे गड्डे वर फेकत होता आणि ही पोरगी पिकअपमध्ये उभी राहून झेलत होती. एकही गड्डा खाली पडत नव्हता. शिवाय ही पोरगी एका हाताने फोन धरून मैत्रिणीशी गप्पा मारत होती. मी गाडी स्टँडला लावायचीही विसरले. गाडी रस्त्याकडेच्या चारीत, म्हणजे पाण्याच्या चरात, गेली.

गड्डे फेकणारा माणूस म्हणजे बबनशेठ. माझी गाडी त्यांनीच बाहेर काढली आणि माझं म्हणणं ऐकूनही घेतलं.

"मॅडम, पोरगी शिकू द्या, लई शिकू द्या. पण चड्डीवर पळणं न्हाई. आमच्या घरात पळायचं काम फकस्त बैलांचं."

साक्षी एकोणीस वर्षांची होती. फॉर्मवर तिने स्वतः सही केली. घरी तिने कॉम्प्युटरचा कोर्स लावल्याचं सांगितलं आणि बबनशेठ एकदा बाजारात भेटले तेव्हा मीही मान हलवली, "हो हो, कॉम्प्युटरमध्ये फार हुशार आहे." चूक होती, मान्य. पण अकरा जणींपलीकडे बारावी खेळाडू माझ्याकडे नव्हती आणि दुसरी गोलकीपर तर नव्हतीच. साक्षी गेली की टीम गेली, इतका साधा हिशेब होता.

अशी दोन वर्षं काढली आणि मग आम्हाला पहिल्यांदा घरच्या मैदानावर मॅच मिळाली. समोर पुण्याचं एक कॉलेज. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"तांबोळी मॅडम, संस्थेचे लोक येणार आहेत. ग्राउंड भरलेलं दिसलं पाहिजे."

"सर, मुलींच्या फुटबॉलला इथे कोण येणार?"

"त्याची काळजी नको. मी सुदामनानाला सांगितलंय."

माझं धाबंच दणाणलं. सुदामनाना आमच्या भागातला बैलगाडा शर्यतींचा निवेदक. ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चढाच्या धावपट्टीला घाट म्हणतात. एकेक गाडा सुटतो आणि किती सेकंदांत वर पोचला ते मोजतात. त्या एका धावेला म्हणतात बारी. गाडा सुटण्याआधी निवेदक माइकवर मालकाचं नाव पुकारतो. ते नाव ऐकायला मालक वर्षभर बैलांना स्वतःच्या पोरांपेक्षा चांगलं खाऊ घालतात. बैलाचं नाव नंतर येतं, कधी येतही नाही.

मॅचच्या सकाळी मी सुदामनानाच्या हातात यादी दिली. "नाना, फक्त खेळाडूंची नावं वाचायची. वडिलांची नावं मी मुद्दाम लिहिलेली नाहीत."

"आन् मालक कोण ते पब्लिकला कळायचं कसं?"

"मालक नाहीत हो! मुली आहेत त्या!"

"बरं बरं," नाना म्हणाले. या 'बरं बरं'वर मी विश्वास ठेवला. एकवीस वर्षांच्या नोकरीनंतरही माणूस किती भोळा राहू शकतो बघा.

ग्राउंड मात्र खरंच भरलं. नानांच्या नावावर माणसं ट्रॅक्टरने आली. बरेच जण पहिली दहा मिनिटं बैल कुठून येणार ते बघत होते. नानांनी एकेका मुलीला गावासकट, आजोबांसकट पुकारायला सुरुवात केली. गळ्यात स्टॉपवॉच होतंच. पुण्याची एक मुलगी बॉल घेऊन जोरात धावली की कर्ण्यावर आरोळी, "सहा सेकंद चाळीऽऽस!"

रेफ्री पळत माझ्याकडे आले. "मॅडम, ते काय मोजतायत?"

"काही नाही सर, लोकल पद्धत आहे."

मग नाना साक्षीपाशी आले. कागदावर नुसतं 'साक्षी, पारगाव' होतं. नानांना वाटलं कारकुनाची चूक. तीस वर्षं घाट गाजवलेला माणूस, त्यांना पारगावचा प्रत्येक गोठा पाठ. त्यांनी दुर्बीण लावल्यासारखे डोळे बारीक केले आणि ओरडले, "आरं, ही तर आपल्या बबनशेठची!" पुढचं मी वर सांगितलंच आहे.

मी टचलाइनवरून, म्हणजे मैदानाच्या कडेच्या रेषेवरून, घसा फोडून ओरडले, "साक्षे, ऊठ! वडील इथे नाहीत, बॉल येतोय!" ती उठली आणि बॉल अडवला. पण तेवढ्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी पुण्यकर्म उरकलं होतं. पारगावला फोन गेला होता, "शेठ, तुमचं नाव पुकारत्यात की इथं!"

दुसरा हाफ संपायला दहा मिनिटं उरली होती. दोन्ही टीमचे गोल शून्य. गेटमधून एक मोटरसायकल थेट आत आली. बबनशेठ. तोंड लालबुंद.

"मॅडम! माझ्या नावावर कुणाचा गाडा पळतोय?"

"कुणाचाच नाही, बबनशेठ."

"मग नाव का पुकारलं? माझं बैल दावणीला हायेत. मी बघून आलोय. कोण भामटा हाय त्यो?"

मी काही बोलणार तोच शिट्टी वाजली. आमच्या एका मुलीने गोलजवळ पुण्याच्या मुलीला पाडलं होतं. पेनल्टी! म्हणजे बारा यार्डांवरून त्यांची एक खेळाडू बॉल मारणार, समोर फक्त गोलकीपर, बाकी सगळ्यांनी लांब व्हायचं. बबनशेठची नजर गोलकडे गेली.

"ही आमच्या साक्षीवानी दिसती."

"दिसते थोडीफार."

"साक्षी कॉम्प्युटरला गेलीय."

"हो ना."

तेवढ्यात कर्णा कडाडला, "बबनशेठ आले! बबनशेठ आले! कन्या साक्षी गोलमधी तयार हाय!"

बबनशेठ गोलकडे चालू लागले.  हा माणूस आता पोरीचा हात धरून तिला घरी नेणार. टीम संपली, सहा वर्षं संपली, आणि साक्षी परत कधी कोबीशिवाय काही झेलणार नाही. मला रडूच फुटायचं बाकी होतं. मी धावत जाऊन त्यांची बाही धरली.

"बबनशेठ, एवढी बारी होऊ द्या. मग खुशाल न्या."

ते थांबले. बारी चालू असताना मध्ये जायचं नाही, हे गाडामालकाच्या रक्तात असतं. ते गोलच्या मागे उभे राहिले. साक्षीने एकदा वळून वडिलांकडे पाहिलं. तिचा चेहरा बघून मला वाटलं, गेली पेनल्टी.

पुण्याच्या मुलीने डावीकडे खाली जोरात बॉल मारला. साक्षी वाकली, झेपावली आणि तो छातीशी घट्ट धरला.

"कोबी!" बबनशेठ ओरडले. "आवो, हे तर कोबी झेलणं! हिला म्या शिकवलंय, म्या!"

आणि त्यांनी खिशातली पिशवी काढली. शर्यत आहे समजून आले होते, त्यामुळे भंडारा बरोबर होताच. जिंकलेल्या बैलांवर उधळतात ती हळद. मूठभर नाही, सगळी पिशवी त्यांनी जाळीवरून आत उधळली. साक्षी पिवळी, गोल पिवळा, मागोमाग धावलेली मी पिवळी. साक्षीच्या डोळ्यांत हळद गेली, ती डोळे चोळायला लागली, बॉल हातातून सुटला आणि पुण्याच्या मुलीने तो शांतपणे आत ढकलला.

रेफ्री धावत आले. पांढऱ्या बुटांवर हळद. "हा माणूस कोण आहे? याला ग्राउंडबाहेर काढा! पोलिसांना बोलवा!"

बबनशेठना बाहेर काढलं असतं तर ते पोरीला घेऊनच गेले असते. मी पटकन म्हणाले, "सर, सर, ते आमचेच आहेत. गोलकीपर कोच."

रेफ्रींनी मला नीट विचारलं, "नक्की? तुमच्या टीमचा माणूस?"

"हो सर. पारगावचे."

"मग गोल दिला."

नियम असा आहे. बाहेरच्या प्रेक्षकाने गोलकीपरला अडथळा केला तर गोल धरत नाहीत. पण स्वतःच्याच टीमच्या माणसाने केला तर गोल धरतात. हा नियम मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहून देते. त्या क्षणी मी डोळ्यांतली हळद पुसत होते.

शिवाय रेफ्रींनी बबनशेठना यलो कार्ड दाखवलं, म्हणजे ताकीद. बबनशेठनी ते घ्यायला हात पुढे केला. ते घरी न्यायचं नसतं हे समजावण्यात दोन मिनिटं गेली. आम्ही एक-शून्यने हरलो.

मॅच संपल्यावर बापलेक समोरासमोर उभे राहिले. दोघं पिवळे. 

"तू कॉम्प्युटर शिकत व्हतीस ना?"

साक्षी मान खाली घालून म्हणाली, "न्हाई, आप्पा."

"तुझ्या आईला ठाव हाय?"

"जर्सी आईच धुती."

बबनशेठनी तोंडावरची हळद पुसली. मग हळूच म्हणाले, "ती दोरीवरची हिरवी? आगं, ती म्या बैल पुसायला मागितली व्हती! लई भांडली माझ्याशी. तवाच म्हणलं, एका फडक्यापायी एवढं काय भांडती ही बाई." आणि ते हसायला लागले. साक्षी आधी रडली, मग तीही हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मी घरी गेले तर नवऱ्याने दारातच विचारलं, "कुणाची हळद होती?" मी आंघोळ करून झोपले.

पुढच्या आठवड्यात माझ्या ऑफिसबाहेर सहा वडील उभे. प्रत्येकाच्या मागे एकेक मुलगी. आरोग्याचं कुणी विचारलं नाही, स्पोर्ट्स कोट्याचंही नाही. पहिला प्रश्न एकच, "मॅडम, आमचं नाव कधी पुकारनार?" सहा वर्षं मी घरोघरी चहा पीत फिरले, त्याऐवजी माइक भाड्याने घ्यायला हवा होता.

बबनशेठ आता खरोखरच गोलकीपर कोच आहेत. दर गुरुवारी कोबी घेऊन येतात. भंडाऱ्यावर गोलपासून पन्नास पावलांची बंदी घातली आहे आणि ते ती पाळतात.

पुढच्या घरच्या मॅचला ते नवी टोपी घालून, भंडाऱ्याची मूठ भरून, आपल्या नावाची वाट बघत उभे होते. सुदामनानांनी माइक घेतला. त्यांच्या हातात साक्षीने दिलेली चिठ्ठी होती.

"गोलमधी साक्षी! पारगावच्या..." नाना थांबले. चष्मा पुसला. परत वाचलं. "पारगावच्या सुनंदाबाईंची साक्षी!"

बबनशेठची मूठ हवेतच राहिली. बायकांच्या रांगेत साक्षीच्या आई सुनंदाबाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेठ तरातरा त्यांच्याकडे चालत गेले. मला वाटलं, झालं, आता भांडण. त्यांनी सगळा भंडारा बायकोच्या डोक्यावर रिकामा केला आणि म्हणाले, "घे. एवढी बारी तुझी."

ती मॅच बरोबरीत सुटली. माझा अनुभव विचाराल तर दोन गोष्टी सांगेन. खोटं बोलण्याआधी त्या खेळाचे नियम एकदा वाचून घ्यावेत. आणि माणसांना फायदे पटवत बसण्यापेक्षा त्यांचं नाव मोठ्याने घ्यावं. माझं नाव एकवीस वर्षांत त्या कर्ण्यावरून एकदाही पुकारलेलं नाही. मी चिठ्ठी लिहून ठेवली आहे.